वाईन उद्योगात यायचंय? आधी एक हंगाम नाशिकला काढा

वरुड तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष, घरी संत्र्याचा बगीचा. आशियात वाईन उद्योग झपाट्याने वाढतोय आणि त्यात नोकऱ्याच नोकऱ्या आहेत असं तिच्या वाचनात आलं. एका संस्थेने वाईनच्या कोर्ससाठी भरपूर फी सांगितली आहे. ती विचारते की हे क्षेत्र आपल्यासारख्या खेड्यातल्या मुलींसाठी आहे का, संत्र्याची वाईन करून गावातच काही उभं राहील का, आणि घरी हे सांगायचं तरी कसं.

ताई, क्षेत्र तुमच्यासाठी आहे. मायक्रोबायोलॉजी तर त्यात शिरण्याचा सगळ्यात सरळ दरवाजा आहे. पण फी आत्ता भरू नका. येत्या जानेवारी ते मार्च नाशिककडच्या एखाद्या वायनरीत, म्हणजे वाईनच्या कारखान्यात, हंगामी काम करा, मग ठरवा. मी अचलपूरकडचा. नोकरीची बहुतेक वर्षं वायनरीच्या लॅबमध्ये आणि सेलरमध्ये (वाईनच्या टाक्या-पिंपांच्या भागात) गेली. आपल्या भागातून या धंद्यात येणारी मुलं कुठे टिकतात आणि कुठून परत फिरतात ते जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आशियाचं. सगळ्या आशियात वाईन वाढतेय असं धरून चालू नका, देशागणिक चित्र वेगळं आहे. चीनमध्ये १८९२ साली शानतोंग प्रांतात यानताईला चांगयू कंपनी सुरू झाली, म्हणजे तिथला हा धंदा सव्वाशे वर्षांहून जुना. मधल्या काळात निंग्शिया प्रांतात हेलान डोंगराच्या पायथ्याशी प्रचंड लागवड झाली. तिथली थंडी इतकी कडक की हिवाळ्याआधी वेली मातीखाली गाडाव्या लागतात आणि वसंतात पुन्हा उकरून काढाव्या लागतात. एवढी मजुरी घालून पिकवलेल्या द्राक्षांच्या वाईनने २०११ मध्ये लंडनच्या डिकँटर स्पर्धेत मोठं बक्षीस मिळवलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पण २०१८ नंतर चीनमधला खप आणि उत्पादन दोन्ही उतरत गेलेत. चिनी भाषा न येणाऱ्या आपल्या मुलांना तिथे नोकरी मिळणं तसंही अवघडच.

जपानमध्ये यामानाशी हा जुना वाईनचा प्रांत, आणि कोशू हे त्यांचं स्वतःचं द्राक्ष. २०१८ पासून तिथे नियम आहे की जपानमध्ये पिकलेल्या द्राक्षांच्याच वाईनला 'जपान वाईन' म्हणता येतं. त्यामुळे छोट्या वायनरींना बळ मिळालं. थायलंडमध्ये खाओ याई आणि हुआ हिन, इंडोनेशियात बाली, व्हिएतनाममध्ये निन्ह थुआन इथे उष्ण हवेतली द्राक्षशेती आहे, आणि तिचा अभ्यास आपल्या कामाचा आहे, कारण वेल हिवाळ्यात झोपतच नाही ही अडचण त्यांची तीच आपली. हाँगकाँगने २००८ मध्ये वाईनवरचं शुल्क काढून टाकलं, तेव्हापासून ते आयात आणि लिलावाचं केंद्र झालं. थायलंडनेही २०२४ मध्ये आयात शुल्क काढलं. पण हाँगकाँग, सिंगापूर, बँकॉक इथल्या नोकऱ्या मुख्यतः हॉटेल, आयात आणि विक्रीतल्या. हॉटेल मॅनेजमेंट केलेल्यांसाठी ती वाट बरी आहे. सायन्सवाल्या मुलीने तिकडे पाहून आपला रस्ता ठरवू नये.

उरला आपला देश, आणि इथे उद्योग लहान असला तरी पाय रोवून उभा आहे. ऐंशीच्या दशकात नारायणगावला फेसाळ वाईन बनू लागली, १९८८ च्या सुमारास बंगळूरजवळ नंदी हिल्सला ग्रोव्हर यांनी सुरुवात केली, १९९९ मध्ये नाशिकला सुला ही वायनरी उभी राहिली. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं स्वतंत्र धोरण आणलं, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाईन पार्क झाले. मग २००८-०९ ची मंदी आली आणि वाईनची द्राक्षं लावलेल्या कितीतरी शेतकऱ्यांनी बागा उपटल्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'उद्योग वाढतोय' हे तेव्हाही प्रत्येक सभेत ऐकू यायचं. त्या पडझडीतून जे वाचले ते आज आहेत, आणि त्यांना चांगली माणसं खरोखर हवी आहेत.

आता तुमच्या कामाचं. वाईनमधलं करिअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर हातात ग्लास धरून वास घेणारा माणूस येतो. असं काम आहे, पण थोडं. पगार मिळतो तो लॅबमध्ये, टाक्यांमध्ये, शेतात आणि कागदपत्रांत.

हंगामातला एक दिवस सांगतो. द्राक्षं पहाटेच तोडतात, कारण उन्हाने तापलेला माल आला की वास आधीच उडालेला असतो आणि चिलरवर (टाक्या थंड ठेवणाऱ्या यंत्रावर) भार पडतो. सहा-सातच्या सुमाराला क्रेट भरलेल्या गाड्या उतरायला लागतात. लॅबमधल्या मुलीने प्रत्येक गाडीतून नमुना घ्यायचा, रस काढायचा, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), पीएच आणि एकूण आम्लता मोजायची आणि वाईनमेकरला सांगायचं की हा माल कुठल्या टाकीत जावा. महाराष्ट्रात फेब्रुवारीचं ऊन चढलं की साखर भराभर वाढते आणि आम्लता तितक्याच भराभर पडते. लाल द्राक्षाचा पीएच ३.८ च्या वर गेला की जिवाणूंची चंगळ. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालून आपण वाईन राखतो, पण पीएच ३.३ ला जेवढा मोकळा सल्फर डायऑक्साइड पुरतो त्याच्या जवळजवळ तिप्पट ३.८ ला लागतो. म्हणून टार्टारिक आम्ल किती घालायचं आणि केव्हा, हा निर्णय तुमच्या ब्युरेटवरच्या आकड्यावर उभा असतो. तुम्ही टायट्रेशन (आम्लता मोजायची चाचणी) घाईने केलं तर हजारो लिटरची टाकी बिघडू शकते.

मग यीस्ट घातलं, फसफसणं सुरू झालं. पांढरी वाईन १२ ते १६ अंशांवर, लाल साधारण २५ ते २८ अंशांवर. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक टाकीचा ब्रिक्स आणि तापमान फळ्यावर लिहायचं. समजा एक टाकी २४ वरून २०, १४, ९ अशी छान उतरत आली, आणि मग दोन दिवस ५ वरच अडून बसली. नळ उघडून वास घेतला तर सडक्या अंड्याचा. इथे मायक्रोबायोलॉजीवाल्याची किंमत कळते. तुम्ही कॉलेजात मिथिलीन ब्लू लावून जिवंत-मेल्या पेशी मोजल्या असतील, हिमोसायटोमीटर (पेशी मोजायची काचपट्टी) हाताळलं असेल, आणि हे प्रॅक्टिकल कशाला म्हणून कंटाळाही केला असेल. नेमकं तेच करायचं असतं. निम्म्या पेशी मेलेल्या दिसल्या तर कारण शोधायचं: रसात नायट्रोजन कमी होता का, रात्री चिलर बंद पडून टाकी तापली का, की उलट फार थंड झाली. नायट्रोजन कमी म्हणून यीस्टचं खाद्य घालायचं असेल तर ते लवकर घालायला हवं होतं. शेवटी शेवटी घातलेलं यीस्टला वापरताच येत नाही, ते बिघाड करणाऱ्या जिवाणूंच्या पथ्यावर पडतं. अशी अडलेली टाकी परत चालू करणाऱ्या माणसाला वाईनमेकर सहसा सोडत नाही.

आणि धुणं. टाकी धुणं, पाइप धुणं, पंप धुणं, फरशी धुणं, बॅरल धुणं. कॉस्टिक, मग सायट्रिक, मग पाणी. दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ यातच जातो आणि वाईनमेकर होणारी व्यक्तीही सुरुवातीची दोन-तीन वर्षं यातून सुटत नाही. पदवीधर मुलं इथेच नाक मुरडून परत येतात. बगीच्यात वाफे धरलेली, फवारणी केलेली मुलं टिकतात. खेड्यातून आल्याचा इथे फायदाच होतो, हे मी अगदी मनापासून सांगतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. लाल वाईन काढून घेतल्यावर टाकीच्या तळाशी चोथा उरतो आणि तो फावड्याने ओढायला कुणीतरी आत उतरतं. फसफसण्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो टाकीत साठून राहतो. त्याला रंग नाही, आणि आत गेलेल्याला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. वाचवायला धावलेला दुसराही तिथेच पडतो. जगभर वायनरींमध्ये माणसं अशी मेली आहेत. ब्लोअर लावलेला नाही, गॅस मीटरने हवा तपासलेली नाही आणि बाहेर दोर धरून दुसरा माणूस उभा नाही, तोवर टाकीत पाय ठेवायचा नाही, कुणीही सांगो. त्यावरून नोकरी गेली तरी जाऊ द्या.

लॅबखेरीज इतर दरवाजेही आहेत, आणि ते तुमच्या भावाला किंवा गावातल्या मित्रांना उपयोगी पडतील. बी.एस्सी. ॲग्री झालेल्यांना द्राक्षबागेचं काम: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, करारावरच्या शेतकऱ्यांच्या बागा फिरून तोडणीची तारीख ठरवणं. त्यांच्यासाठी पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हे पंढरपूर. आयटीआय झालेल्यांनी तर जरूर विचार करावा. वायनरीचा जीव चिलरमध्ये असतो, त्यामुळे रेफ्रिजरेशनचा मेकॅनिक आणि स्टेनलेस स्टीलची टिग वेल्डिंग येणारा माणूस हंगामात वाईनमेकरइतकाच मोलाचा. कॉमर्सवाल्यांसाठी उत्पादन शुल्काचं काम आहे. प्रत्येक लिटरचा, प्रत्येक बाटलीचा हिशेब सरकारला द्यावा लागतो आणि प्रत्येक राज्याचं लेबल, परवाना, कर वेगळा. हे काम नीट जाणणारे फार कमी आहेत आणि त्यांना पगार चांगला मिळतो. नाशिकच्या वाईन पर्यटनात टेस्टिंग रूमची कामं आहेत. तिथे बोलण्याची हातोटी लागते, आणि हिंदी-मराठी-इंग्रजी तिन्ही येत असेल तर सोनं.

आता कोर्सचं. ज्या संस्थेने फी सांगितली तिचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही ते बरंच केलं, पण तिला एवढं विचारा की हा कोर्स वाईन बनवायला शिकवतो की ओळखायला आणि विकायला. डब्ल्यूएसईटी नावाची लंडनची संस्था १९६९ पासून वाईनच्या परीक्षा घेते, तिच्या चार पायऱ्या आहेत आणि भारतातही त्या देता येतात. प्रमाणपत्राला जगात मान आहे. भारताच्या पहिल्या मास्टर ऑफ वाईन (वाईनच्या जगातली फार मानाची पात्रता) सोनल हॉलंड यांचं कामही वाईनचं शिक्षण आणि सल्ल्यातलं. हॉटेल, आयात, विक्री यांत जायचं तर ही परीक्षा उपयोगाचीच. मात्र तिच्यात टाकी चालवायला शिकवत नाहीत. तुमच्यासारखीने आधी एम.एस्सी.चा विचार करावा. मांजरीलाच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाईन, ब्रूइंग आणि अल्कोहोल टेक्नॉलॉजीची एम.एस्सी. आहे, पुणे विद्यापीठाशी संलग्न. त्या पदवीवर वाईन नाही जमली तरी ब्रुअरी, डिस्टिलरी, इथेनॉल असे तीन दरवाजे उघडे राहतात. आपल्या घरची परिस्थिती पाहता एकाच उद्योगाच्या भरवशावर कर्ज काढणं मला पटत नाही.

परदेशाचं स्वप्न असेल तर तेही हंगामातूनच पुरं होतं. आपला हंगाम जानेवारी ते मार्च. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचा साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. युरोप-अमेरिकेचा ऑगस्ट ते ऑक्टोबर. जगभरातले तरुण वाईनमेकर वर्षात दोन-दोन हंगाम करत शिकतात. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतातल्या १८ ते ३० वयाच्या मुलांसाठी काम आणि भटकंतीचा व्हिसा खुला केला. वर्षाला १००० जागा, सोडतीने. नंबर लागेल याची खात्री नाही, पण पदवी आणि इंग्रजी हातात असेल तर अर्ज करून ठेवायला हरकत नाही. जपानबाबत सावध राहा. 'फूड प्रोसेसिंगच्या व्हिसावर जपानच्या वायनरीत लावून देतो' असं म्हणणारा एजंट आपल्याकडे भेटू शकतो. जपानच्या कुशल कामगार व्हिसातल्या खाद्य-पेय उत्पादनाच्या गटातून मद्यनिर्मिती वगळलेली आहे. शेतीच्या गटातून द्राक्षबागेत काम मिळू शकतं, पण त्यालाही जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागते. पैसे देण्याआधी व्हिसाचा गट कोणता ते लेखी मागा.

भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार कराराने डिसेंबर २०२२ पासून महागड्या ऑस्ट्रेलियन वाईनवरचं दीडशे टक्क्यांचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत चाललंय. आयातदारांकडे नोकऱ्या वाढतील आणि आपल्या वायनरींना दर्जा सांभाळावाच लागेल. दर्जा म्हणजे लॅब, म्हणजे तुम्ही.

जिभेचं आणि नाकाचं एक सांगतो. परीक्षेच्या पुस्तकांत ब्लॅककरंट, गूजबेरी, लिची असे वास लिहिलेले असतात आणि आपली मुलं घाबरतात, कारण त्यातली निम्मी फळं पाहिलेलीच नसतात. तुमच्याकडे जांभूळ आहे, कवठ आहे, बोर आहे, आंबाडी आहे, पहाटेचं मोहफूल आहे, संत्र्याच्या फुलोऱ्याचा बहर आहे. हे वास डोळे मिटून ओळखायला शिका आणि वहीत लिहून ठेवा. नाक तयार झालं की परकी नावं पाठ करायला आठवडा पुरतो. आणि हे वाचणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांना कळकळीने सांगतो: खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडा. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडाला टॅनिन (वाईनमधला तुरटपणा) आणि आम्लातला फरक कळत नाही, आणि तोंडाच्या कर्करोगाचं तर वेगळं सांगायलाच नको. चव घेण्याच्या कामात वाईन थुंकायची असते. दिवसाला वीस-तीस नमुने तपासताना जो गिळतो तो या धंद्यात टिकत नाही, शरीरानेही नाही आणि कामानेही नाही. घरात दारूचा त्रास झालेला असेल, किंवा स्वतःला ओढ वाटत असेल, तर या उद्योगात येऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

संत्र्याची वाईन. वरुड-मोर्शीच्या प्रत्येक घरात हा विषय एकदा तरी निघतो, विशेषतः भाव पडले की. होते का? होते. पण रसायनशास्त्र आपल्या बाजूने नाही. वाईनचं द्राक्ष २२ ते २४ ब्रिक्सला तोडतात, त्यातून १२-१३ टक्के अल्कोहोल येतं. नागपुरी संत्र्याचा रस साधारण १० ब्रिक्सचा, त्यातून जेमतेम साडेपाच-सहा टक्के. म्हणजे साखर बाहेरून घालावी लागते. दुसरं, रस काढल्यावर काही वेळाने येणारा कडूपणा. तो लिमोनिनमुळे येतो, आणि लिमोनिन बियांतून व फोडींच्या पांढऱ्या पापुद्र्यांतून उतरतं. साल सकट दाबलं तर सालीतलं तेल यीस्टलाच मारक ठरतं. म्हणजे फळ सोलून, जपून रस काढायचा, आणि तिथे मजुरी वाढते. तिसरं, संत्र्यातलं आम्ल सायट्रिक. लॅक्टिक जिवाणू शिरले की त्यातून लोण्यासारखा आणि व्हिनेगरसारखा वास येतो. चौथं, तो ताजा वास फार टिकत नाही, बाटली लवकर काळवंडते.

आणि आंबिया बहाराची गळ झालेली फळं वापरून वाईन करू, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. कच्च्या, सडक्या फळाची वाईन कच्ची आणि सडकीच होते. हे सगळं सोडवता येतं, आणि सोडवायला हवं असं मला मनापासून वाटतं. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेजवळ, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाजवळ आपण राहतो. पण ते काम पाच वर्षं दुसऱ्याच्या टाक्या हाताळल्यावर करायचं. परवाना, उत्पादन शुल्क, अन्नसुरक्षेचे मद्यासाठीचे २०१८ चे नियम, बाटल्या, विक्री, हे सगळं अंगावर घेऊन बाबांच्या बगीच्यावर कर्ज चढवायचं नाही. तोवर घरी जांभळावर प्रयोग करावेत, असंही मी म्हणणार नाही, कारण परवान्याशिवाय घरी मद्य करणं गुन्हा आहे. प्रयोग कॉलेजच्या किंवा संस्थेच्या परवानगीने, लॅबमध्येच.

मला विचाराल तर विदर्भाचं खरं फळ या बाबतीत मोह आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात, फुलं वेचतात, वाळवतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरच. आजवर आपण त्याची फक्त गाळलेली दारू पाहिली, आणि तिच्याभोवती पोलिस, दलाल आणि बदनामी. मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा मद्य म्हणून कायदेशीर रस्ता दिला. पुणे आणि नाशिककडे मधाचं मद्य बनवणारे छोटे उद्योग उभे राहिले. मोहाची न गाळलेली, स्वच्छ, लॅबमध्ये तपासलेली वाईन करता आली आणि फुलं वेचणारीला त्यात भाव मिळाला तर मला फार आनंद होईल. अडचण सांगतो: फुलं अंगणात, रस्त्याच्या कडेला वाळतात, माती आणि बुरशी लागते, आणि तो वास वाईनमध्ये उतरतो. म्हणून सुरुवात झाडाखाली जाळी बांधण्यापासून आणि सावलीत वाळवण्यापासून होते. हाच तुमच्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो. गोंदिया-गडचिरोलीची फुलं आणि त्यांच्यावरची यीस्ट, यावर काम करणारी विदर्भातली मुलगी मला बघायची आहे.

घरच्यांचं. यावर मी घाईने काही बोलणार नाही. आपला प्रदेश वेगळा आहे. वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत गावोगावच्या बायांनी आणि अभय व राणी बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी लढा दिला, १९९३ मध्ये बंदी आली. चंद्रपूरची २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. या लढ्यांमागे दारूने उद्ध्वस्त झालेली घरं होती. तुमच्या आईला 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असं सांगू नका. वाईनमध्ये अल्कोहोल आहेच, आणि आई हे जाणते. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा राज्यभर जो विरोध झाला त्यातही हीच भीती होती, आणि तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. तेव्हा आईला कामाबद्दल सांगा. लॅब दाखवा, शक्य असेल तर एकदा नाशिकला सोबत न्या. तिथे पांढरा कोट घालून पीएच मोजणाऱ्या मुली तिला दिसू द्या. राहायची सोय कुठे, सोबत कोण, रात्रपाळी असेल तर वाहन कुणाचं, हे प्रश्न ती विचारेल आणि तिने विचारावेतच. त्यांची उत्तरं तुमच्याकडे लेखी असू द्या. हे सगळं बघूनही ती नाही म्हणाली, तर तुमच्या पदवीवर फार्मा, डेअरी, फूड लॅब आहेतच, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता करायचं काय, तेवढं सांगून थांबतो. हंगामी माणसांची भरती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठरते, त्यामुळे दिवाळीच्या आधीच नाशिक, दिंडोरी, निफाड भागातल्या वायनरींना ईमेल पाठवा. एका पानाचा अर्ज पुरे. त्यात कॉलेजात केलेली प्रॅक्टिकल्स नावानिशी लिहा: टायट्रेशन, प्लेट काउंट, यीस्टचं स्टेनिंग. शेतकरी घरातून आहे आणि जड काम करायची तयारी आहे, हेही लिहा. ते वाचूनच बरेच वाईनमेकर फोन करतात. मानधन किती, जेवण-राहणं कुणाचं, विमा आहे का, टाकीत उतरायची वेळ आली तर काय सोय आहे, हे फोनवरच विचारा. हंगाम संपल्यावर कामाचं पत्र मिळेल ना, तेही विचारून घ्या. सुरुवातीचा पैसा थोडा असेल, क्यूसीला (गुणवत्ता तपासणीच्या नोकरीला) लागलेल्या मैत्रिणीपेक्षा कमीच, हे धरून चला. बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेस आणि सेवाग्राम एक्स्प्रेस दोन्ही नाशिक रोडला थांबतात. गमबूट, दोन जोड जुने कपडे, स्वेटर (जानेवारीत नाशिकची पहाट वरुडपेक्षा बोचरी असते) आणि जाड वही घ्या. वहीत रोज प्रत्येक टाकीचे आकडे स्वतःसाठी वेगळे उतरवा, आणि मार्चमध्ये ती वही घेऊन मांजरीच्या प्रवेशाची चौकशी करा.